एका पौंडाची नोट

मार्क ट्वेनची दहा लाख पौंडांच्या नोटेची कथा (१८९३) इंग्रजी साहित्याच्या अनेक विद्यार्थ्यांच्या वाचनात आलेली असते. लंडनमध्ये कफल्लक अवस्थेत येऊन पडलेल्या एका अमेरिकन तरुणाच्या हाती दोन धनाढ्य बंधू एक पाकीट ठेवतात. त्यात बँक ऑफ इंग्लंडची दहा लाख पौंडांची एकच, आणि पूर्णपणे अस्सल, नोट असते. बंधूंमध्ये पैज लागलेली असते: एकाच्या मते हा मनुष्य उपाशी मरेल, कारण ही नोट मोडायला गेला की त्याला पकडतील, दुसऱ्याच्या मते नोट न मोडताही तो तीस दिवस तग धरील. दुसरा जिंकतो. खानावळवाला हॅरिस नोटेकडे पाहून थिजतो, मोड देऊ शकत नाही, आणि उधारी चालू करतो. शिंप्याच्या दुकानातील जो नोकर आधी त्याच्या अंगावर टाकाऊ कपडे फेकत असतो, त्याचा मालक नोट पाहताच नोकरालाच फैलावर घेतो.

या कथेला आपण बहुधा संपत्तीच्या मोहावरचा उपरोध म्हणून वाचतो. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा निसटते. त्या नोटेचे खरेखोटेपण कोणीही तपासत नाही. दुकानदार नोटेच्या आधारे माणूस वाचतो आणि माणसाच्या आधारे नोट. नोट प्रचंड असल्यामुळे फाटक्या कपड्यांचा अर्थ बदलतो. दारिद्र्याऐवजी तो लक्षाधीशाचा विक्षिप्तपणा ठरतो. आपल्याकडील शहाजोग हुंडीत हे तत्त्व मोकळेपणाने मान्य केलेले होते. बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच तिचे पैसे मिळायचे. कागदाइतकाच तो घेऊन येणारा माणूसही तपासला जाई. मराठीत ‘पत’ या एका शब्दात उधारी आणि अब्रू दोन्ही नांदतात, ते उगाच नव्हे.

ट्वेनची कथा सुखान्त आहे. तिच्या सुमारे शंभर वर्षे आधी याच लंडनमध्ये, याच बँकेच्या सर्वांत लहान नोटेवरून, दुकानाच्या फळीवर हीच परीक्षा रोज चालत असे. तिच्यात नापास होणाऱ्याला फाशी होई.

फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैनिकांची एक तुकडी वेल्समधील फिशगार्डजवळ उतरली. स्वारी फुसकी निघाली, परंतु घबराटीने लोक नोटा घेऊन सोने मागू लागले. युद्धखर्चाने बँकेची तिजोरी आधीच आटली होती. महिनाअखेरीस सरकारच्या आदेशाने बँकेने नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले. हा ‘निर्बंधाचा काळ’ काही आठवडे चालेल अशी कल्पना होती. तो १८२१ पर्यंत चालला. तोवर बँकेची सर्वांत लहान नोट पाच पौंडांची होती, म्हणजे सामान्य मजुराच्या दृष्टीस कधी न पडणारी. आता नाण्यांची उणीव भरून काढण्यासाठी मार्च १७९७ पासून एक आणि दोन पौंडांच्या नोटा निघाल्या. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग. शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून ही रक्कम अधिक, पण त्याच्या हातात कधीमधी येईल एवढी. व्यापारी आणि सावकार यांच्यापुरता असलेला एक दस्तऐवज एका ऋतूत वाण्याच्या, खाटकाच्या आणि दारूच्या दुकानात येऊन पोचला.

तो दस्तऐवज दिसायला कसा होता हे लक्षात घेतले पाहिजे. पांढरा कागद, एका बाजूलाच काळ्या शाईची छपाई, कोपऱ्यात ब्रिटानियाचे छोटे चित्र, पैसे देण्याचे वचन, आणि कारकुनाची सही. कोणत्याही बऱ्यापैकी खोदकाम करणाऱ्याला तिची नक्कल जमण्यासारखी होती. कागदातील जलचिन्ह तेवढे अवघड होते, पण तेही अशक्य नव्हते. धातूच्या नाण्याची परीक्षा करण्याची रीत माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. नाणे दगडावर आपटावे, ते खणखणीत वाजते की बद्द हे ऐकावे, दाताखाली धरावे, तराजूत टाकावे. झिजलेल्या नाण्याला सराफ बट्टा लावी, आणि आपली भाषा माणसाच्या नावालाही बट्टा लावते. कागद मात्र वाजत नाही. तो वाचावा लागतो. आणि त्या काळातील इंग्लंडमध्ये निम्म्याहून अधिक नवऱ्या विवाहनोंदणीच्या वहीत सहीच्या जागी फुली करीत. वाचनाची ही सक्ती अशा समाजावर आली होती.

खोट्या नोटांचा व्यापार घाऊक होता. बर्मिंगहॅमच्या परिसरात त्या छापल्या जात आणि दर्शनी किमतीच्या काही अंशाला विकल्या जात. खोदकाम करणारा आणि घाऊक विकणारा क्वचितच सापडे. दुकानात जाऊन नोट पुढे करणारा मात्र उघड्यावर असे. पद्धत साधी होती: थोडा चहा, हातभर फीत, एखादा मांसाचा तुकडा, असे काहीतरी किरकोळ घ्यायचे, एक पौंडाची नोट द्यायची आणि मोड म्हणून खरी चांदीची नाणी घेऊन निघायचे. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. बाजारहाट करणारी बाई दुकानात संशयास्पद दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याचे नाव ‘अटरिंग’. बोलणे, उच्चारणे यासाठी जो शब्द, तोच खोटे चलन पुढे करण्यासाठी. मराठीत आपण नोट ‘खपवणे’ किंवा ‘चालवणे’ म्हणतो, आणि त्यात इंग्रजी शब्दातील ही छटा हरवते. ती इथे महत्त्वाची आहे, कारण खटल्यांमध्ये नोटेइतकेच महत्त्व तिच्याबरोबर काय बोलले गेले याला होते. नोट खोटी आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सिद्ध करावे लागे. आणि मनातील ज्ञान सिद्ध कसे करणार? दुकानदार नोट घेताना गिऱ्हाइकाचे नाव आणि पत्ता विचारीत व नोटेवरच लिहून ठेवीत. नोट परत आली की त्या पत्त्यावर चौकशी होई. नाव खोटे निघाले, किंवा त्याच व्यक्तीने इतर दुकानांतही अशाच नोटा दिल्याचे आढळले, की ज्ञान सिद्ध झाले. एक खोटा कागद आणि त्याच्या पाठीवर लिहिलेली एक खोटी व्यक्तिरेखा, असा तो एकत्रित पुरावा होता.

ओल्ड बेली न्यायालयाचे छापील वृत्तान्त आता संगणकावर सहज वाचता येतात. कथनशास्त्र शिकणाऱ्यांनी या काळातील काही खटले अवश्य वाचावेत. एकामागून एक दुकानदार येतात आणि जवळजवळ तीच गोष्ट सांगतात: अमुक वाजता आली, अमुक मागितले, नोट दिली, मी नाव विचारले. शेवटी बँकेचा तपासनीस उभा राहतो आणि नोट सर्वथा खोटी असल्याचे सांगतो. ती कशावरून ओळखली, हे सांगण्यास मात्र बँक नाखूश असे, कारण खुणा उघड झाल्या तर नकलाकार सावध होतील. म्हणजे ज्या खुणा बँक न्यायालयातही सांगू इच्छीत नव्हती, त्या गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराने आणि समोरच्या गिऱ्हाइकाने ओळखाव्यात अशी अपेक्षा होती. दुकानदाराचे नुकसान एका नोटेचे. खोटी ठरलेली नोट बँक ठेवून घेई, आणि भरपाई नसे. गिऱ्हाइकाचे नुकसान कोणते, हे वर सांगितलेच आहे.

बँकेच्या नोटेची नक्कल करणे किंवा जाणूनबुजून ती चालवणे या दोहोंना देहान्त शासन होते. १८०१ च्या कायद्याने खोटी नोट नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. त्याला चौदा वर्षे हद्दपारी. यातून एक चमत्कारिक रीत रूढ झाली. बँक स्वतःच फिर्यादी असल्याने, कोणावर प्राणघातक आरोप लावायचा आणि कोणाला बाळगण्याचा किरकोळ आरोप कबूल करू द्यायचा, हे तिचे संचालक आणि वकील ठरवू लागले. कोणी मरावे आणि कोणी ऑस्ट्रेलियाला जावे याचा निर्णय एका खासगी मालकीच्या कंपनीच्या समितीत होऊ लागला. या चोवीस वर्षांत तीनशेहून अधिक माणसे बँकेच्या नोटांपायी फाशी गेली, आणि त्याहून किती तरी अधिक हद्दपार झाली. हॅरिएट स्केल्टन ही त्यांतील एक. न्यूगेट तुरुंगात स्त्री कैद्यांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांनी तिच्यासाठी थेट गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्यापर्यंत रदबदली केली. सिडमथ नमले नाहीत. एप्रिल १८१८ मध्ये तिला फाशी झाली.

साहित्यिक या सर्वांविषयी गप्प नव्हते. विल्यम कॉबेटने न्यूगेटमध्येच कैद भोगत असताना कागदी चलनाविरुद्धची आपली प्रसिद्ध पत्रमाला लिहिली. शेलीने १८१९ च्या आपल्या राजकीय कवितेत कागदी नाण्यालाच बनावट म्हटले. नोट छापणारे सरकारच मूळ नकलाकार, असा त्याचा रोख. पण माझ्या मते या काळातील सर्वांत मर्मभेदी ‘साहित्यकृती’ म्हणजे जानेवारी १८१९ मध्ये विक्रीस आलेली एक नोट होय.

तिचा प्रकाशक विल्यम होन. धार्मिक प्रार्थनांची विडंबने छापल्याबद्दल डिसेंबर १८१७ मध्ये त्याच्यावर लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले. आपला बचाव त्याने स्वतःच केला, आणि तिन्हींत तो निर्दोष सुटला. विडंबन म्हणजे मूळ मजकुराचा उपहास नव्हे, मूळ साच्याचा वापर करून तिसऱ्याच कोणावर केलेला प्रहार असतो, हा त्याचा युक्तिवाद विडंबनाच्या कोणत्याही अध्यापकाने वर्गात मांडावा असा आहे. चित्रकार जॉर्ज क्रुकशँक, ज्याची चित्रे पुढे डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मुळे आपल्या परिचयाची झाली. या दोघांनी बँकेच्या नोटेचा साचा जसाच्या तसा घेतला. पौंडाचे चिन्ह फासाच्या दोराचे वेटोळे झाले. ब्रिटानिया आपलीच मुले खाऊ लागली. मध्ये तख्त्यावर ओळीने लटकलेली माणसे, त्यांत स्त्रियाही. पैसे देण्याच्या वचनाच्या जागी फाशी देण्याचे वचन आले, आणि कारकुनाच्या सहीच्या जागी जॅक केच या सतराव्या शतकातील कुप्रसिद्ध जल्लादाची सही.

खोटी नोट ही गुन्हा असलेल्या शहरात ही उघडउघड खोटी नोट दुकानात पैसे देऊन विकत घेतली जात होती. लडगेट हिलवरील होनच्या दुकानापुढे गर्दी उसळली. या विडंबनाचे बळ चित्रांपेक्षाही साच्यात आहे, असे मला वाटते. प्रत्येकाच्या खिशातील नोट त्यानंतर तशीच दिसू लागली असणार.

क्रुकशँक वार्धक्यात सांगत असे की न्यूगेटसमोर स्त्रियांना लटकलेले पाहून त्याने हे चित्र काढले आणि त्यामुळेच अशा फाशा थांबल्या. दाव्याचा दुसरा भाग खरा नाही. नोटेच्या आधीच, १८१८ च्या अखेरीस, लंडनच्या ज्यूरींनी बँकेच्या तपासनिसाच्या केवळ शब्दावर माणसे दोषी ठरवण्यास नकार देण्यास सुरुवात केली होती. ओळखण्याच्या खुणा सांगा, मग पाहू, अशी त्यांची भूमिका. फाशा खरोखर ओसरल्या त्या १८२१ मध्ये सोने पुन्हा मिळू लागून लहान नोटा निघून गेल्यावर. बहुतेक बनावटींसाठीचे देहान्त शासन १८३२ मध्ये आणि उरलेले १८३७ मध्ये रद्द झाले. स्कॉटलंडमध्ये मात्र एक पौंडाची नोट टिकली. १८२६ मध्ये ती बंद करण्याचा घाट घातला गेला तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने टोपणनावाने पत्रे लिहून तिची बाजू लढवली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ज्यांना हद्दपारी झाली त्यांतील अनेकांनी बँकेलाच पत्रे लिहिली. ती बँकेच्या वकिलांच्या दप्तरात राहिली. डिअर्ड्रे पाक यांनी संपादित केलेला त्यांचा संग्रह लंडन रेकॉर्ड सोसायटीने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूगेटमधील स्त्रिया कोळसा, कपडे, मुलांचे अन्न यांसाठी मदत मागतात. जहाज सुटण्यापूर्वी, इतर बायकांना मिळाले तसे काही पौंड आपल्यालाही मिळावेत, अशी विनवणी करतात. आणि बँक बरेचदा ते देते, हे या पत्रव्यवहारातील सर्वांत अनपेक्षित भाग. पत्रांची भाषा कधी अर्जाच्या छापील नमुन्यासारखी नम्र आणि सफाईदार, तर कधी विरामचिन्हांवाचून धावणारी. लिहिता न येणारी बाई दुसऱ्याकडून लिहून घेई, त्यामुळे खाली नाव एकीचे आणि अक्षर दुसऱ्याचे, असेही घडलेले असणार. अक्षर कोणाचे, या एका प्रश्नावरून ज्यांनी इतकी माणसे न्यायालयात उभी केली, त्या वकिलांना या पत्रांच्या बाबतीत तो प्रश्न पडला नसावा. त्यांनी त्यांवर तारखा घातल्या आणि ती फायलीला लावली.