काट्यापुढचा साक्षीदार

वजन कमी करू पाहणाऱ्याला मराठीत सर्वांत जास्त वेळा दिला जाणारा सल्ला चार शब्दांचा आहे: मनावर घेतलं की होतं. ऐकायला तो धीर देणारा वाटतो, पण त्याच्या पोटात एक अख्खा आरोप दडलेला असतो. जाडी म्हणजे जिभेवर ताबा नसल्याची खूण, बारीक होणं ही निग्रहाची कमाई, आणि उतरलेलं वजन ज्याच्या अंगावर परत चढलं त्याचा निग्रहच कच्चा. वजन उतरवण्याच्या धडपडीचा लेखी इतिहास मात्र या सल्ल्याच्या बाजूने साक्ष देत नाही. मनावर घेणाऱ्यांची वाण कोणत्याच काळात नव्हती. वाण होती ती घेतलेलं मनावर महिनोन्‌महिने टिकवून धरणाऱ्या, मनाच्या बाहेरच्या व्यवस्थेची: कुणीतरी नोंद ठेवणारं, कुणीतरी ठरल्या दिवशी विचारणारं, कुणीतरी त्याच वाटेने चाललेलं.

जाडीचा दोष थेट माणसाच्या स्वभावावर टाकण्याची रीत वाटते तितकी जुनीही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 21वा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांविषयी बोलतो. अध्यायाचं नाव ‘अष्टौनिन्दितीय’ आहे, म्हणजे निंदा तिथेही आहेच. पण स्थूलपणाच्या कारणांची यादी पाहण्यासारखी आहे. गोड, थंड, स्निग्ध आणि जादा खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं, कसली चिंता नसणं, आणि यांच्याच पंगतीत ‘बीजस्वभाव’, म्हणजे आईबापांकडून आलेलं शरीर. स्थूल माणसाला इतकी भूक का लागते याचं उत्तर चरक हावरटपणात शोधत नाही. मेदाने वाट अडवल्यामुळे वायू कोठ्यातच फिरतो, अग्नी भडकवतो, खाल्लेलं झटपट जिरतं आणि माणूस पुन्हा अन्न मागतो, असं तो म्हणतो. त्याचं शरीरशास्त्र आज कुणी जसंच्या तसं स्वीकारणार नाही; पण भूक हा रोगाचा भाग आहे, रोग्याचा गुन्हा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. दोघांत कृश परवडला, स्थूल बरा करणं अधिक अवघड, असा निवाडा देऊन तो व्यायाम, जागरण वगैरे उपाय क्रमाक्रमाने वाढवायला सांगतो. एका झटक्यात काही होईल असं वचन तो देत नाही.

आधुनिक काळातली यातली सर्वांत गाजलेली हकीकत लंडनची आहे, आणि तिचा नायक राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या पेढीचा मालक होता. विल्यम बँटिंग. 1852 साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा याच पेढीने काढली होती. ऑगस्ट 1862 मध्ये बँटिंगची उंची होती सुमारे 5 फूट 5 इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे जवळजवळ 92 किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हतं. गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उलटं तोंड करून उतरावा लागे. या माणसाने मनावर घेतलं नव्हतं असं कोण म्हणेल? तो पहाटे उठून दोन-दोन तास वल्ही मारत होता, आणि त्याने स्नायू वाढले तशी भूकही वाढली. समुद्रस्नान झालं, घोडेस्वारी झाली, गावोगावच्या झऱ्यांचं औषधी पाणी झालं, तुर्की हमामात सुमारे 50 वेळा घाम गाळून झाला, आणि त्या सगळ्या घामातून 6 पौंड उतरले. शेवटी ऐकू कमी येऊ लागलं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या सर्जनकडे गेला. हार्वी पॅरिसमध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नारची यकृत आणि साखरेवरची व्याख्यानं ऐकून आला होता. त्याने बँटिंगचं पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात 46 पौंड उतरले, वजन 156 वर आलं, आणि 1863 मध्ये बँटिंगने ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ हे जनतेला उद्देशून लिहिलेलं पत्र स्वतः छापून सुरुवातीला फुकट वाटलं. त्याच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं; स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्यासाठी पथ्य करण्याला ‘बांता’ म्हणतात. एखाद्या अंत्यविधीवाल्याला याहून चांगलं अमरत्व क्वचितच लाभलं असेल.

इथे कुणी म्हणेल की बँटिंग बारीक झाला तो पथ्यामुळे, नोंद ठेवणाऱ्या, विचारणाऱ्या साक्षीदाराचा त्यात संबंध काय? आक्षेप रास्त आहे. पथ्याचा वाटा मोठा होता आणि तो नाकारण्याचं कारण नाही. पण ते पथ्य काही गुपित नव्हतं. पीठ आणि पिष्टमय पदार्थ सोडा असं फ्रेंच खाद्यलेखक ब्रिया-सावारँ 1825 सालच्या आपल्या पुस्तकात सांगून चुकला होता. माहिती जवळजवळ 40 वर्षं छापील होती. बँटिंगच्या बाबतीत नवं घडलं ते असं की एका विशिष्ट डॉक्टरने त्याच्यासाठी ताट लिहून दिलं आणि त्याने दर दोन-तीन आठवड्यांचं वजन तारखेनिशी तक्त्यात मांडलं. 26 ऑगस्टला 202, 7 सप्टेंबरला 200, 27 सप्टेंबरला 197, असा तो तक्ता पुढे सरकतो. तो छापून लोकांच्या हाती दिल्यावर तर पूर्वीच्या वजनाकडे परतणं म्हणजे सगळ्या लंडनसमोर शब्द मोडणं होतं. 1878 मध्ये वयाच्या ऐंशीच्या पुढे तो वारला तोवर ते ओझं त्याच्या अंगावर परत आलं नाही.

साक्षीदार म्हणजे टोमणे मारणारे लोक नव्हेत, हेही बँटिंगच्याच पत्रातून निघतं. सार्वजनिक गाड्यांत, सभांत, रस्त्यावर लोक जाड माणसाची खिल्ली उडवतात, म्हणून आपण चारचौघांत जाणंच टाळू लागलो, असं तो सांगतो. हे हसणारे लोक वर्षानुवर्षं त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या हसण्याने एक पौंडही उतरला नाही. ज्या सेंट जेम्स स्ट्रीटवर बँटिंगांची पेढी होती, त्याच रस्त्यावरच्या बेरी यांच्या दुकानात कॉफी तोलायच्या मोठ्या तराजूवर 1765 पासून गिऱ्हाइकांची वजनं करून वहीत लिहिली जात. त्या वहीत कवी बायरन आहे: 1806 मध्ये 13 स्टोन 12 पौंड, 1811 मध्ये सुमारे 9 स्टोन. किलोत सांगायचं तर 88 वरून 57. जाड दिसण्याच्या धास्तीने तो उपाशी राही, मग खाई, मग पुन्हा उपाशी राही. आकडा लिहून घेणारा दुकानदार होता, पण त्या आकड्याविषयी विचारपूस करणारं कुणी नव्हतं.

निग्रहाचीच परीक्षा पाहायची तर 1944-45 मधला मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग पाहावा. युद्धानंतर उपाशी युरोपला कसं जेवू घालायचं हे समजण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाने 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण सदसद्विवेकापोटी शस्त्र उचलायला नकार देणारे होते. सगळा देश युद्धात असताना ‘नाही’ म्हणण्याची हिंमत त्यांनी आधीच दाखवली होती, आणि उपासाला ते आपण होऊन उभे राहिले होते. तरी काही आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, ताटल्या चाटत, घास तासन्‌तास पुरवत. एकजण गावात जाऊन चोरून खाताना सापडला, तेव्हा कीजने काय केलं? निग्रहावर व्याख्यान दिलं नाही. सोबत्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही असा नियम केला. ही मुलं मुळात जाड नव्हती, त्यामुळे त्यांची गोष्ट जशीच्या तशी जाड माणसाला लावता येणार नाही, हे खरं. पण उपाशी शरीर मनाचा ताबा कसा घेतं हे दाखवायला तेवढा पुरावा पुरेसा आहे.

जाड माणसांचाच पुरावा हवा असेल तर तोही आहे: 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातला हिशेब प्रसिद्ध झाला. अल्बर्ट स्टंकर्ड आणि मॅव्हिस मॅक्लॅरन-ह्यूम यांनी तिथल्या आहार-दवाखान्यात ओळीने आलेल्या 100 जाड रुग्णांचं काय झालं ते पाहिलं. 20 पौंड उतरवू शकले फक्त 12. दोन वर्षांनी तेवढं वजन राखून होते दोघं. हे लोक आपल्या पायांनी दवाखान्यात आले होते, म्हणजे मनावर घेतलेलेच होते. त्यांच्या हाती पथ्याचा कागद ठेवून त्यांना घरी पाठवलं जाई. त्याच शहरात दोन वर्षांनी, 1961 मध्ये, क्वीन्समधली जीन नाइडेच ही 214 पौंडांची गृहिणी आरोग्यखात्याच्या दवाखान्यात गेली. एका ओळखीच्या बाईने तिला बाजारात ‘कितवा महिना?’ असं विचारलं होतं. दहा आठवड्यांत 20 पौंड उतरले आणि मग उमेद ओसरली. इथवर तिची गोष्ट त्या अठ्ठ्याण्णव जणांच्याच वाटेने चाललेली दिसते. वेगळं एवढंच की तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि न्हाणीघरातल्या कपड्यांच्या टोपलीत आपण बिस्किटं लपवून खातो हे त्यांना सांगून टाकलं. मग प्रत्येकीने आपली लपवण्याची जागा सांगितली. बैठक दर आठवड्याला भरू लागली, दोन महिन्यांत बायका 40 झाल्या, आणि 1962 च्या शरदात नाइडेच 142 पौंडांवर आली. पथ्य दवाखान्याचंच होतं, त्यातलं काही बदललं नव्हतं. 1963 मध्ये तिने भागीदारांसह ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी काढली, आणि 1978 मध्ये ती टोमॅटो केचप विकणाऱ्या हाइन्झने विकत घेतली.

या शेवटच्या वाक्यात एक टोकदार आक्षेप आहे. सोबत विकाऊ झाली की सोबत देणाऱ्याचा फायदा गिऱ्हाईक परत येण्यात असतो. जाड झालेला माणूस पुन्हा वर्गणी भरतो. हे खरंच आहे, आणि या धंद्याकडे संशयाने पाहण्याला तेवढं कारण पुरे. पण त्याने सिद्ध होतं ते एवढंच की सोबत फुकट मिळायला हवी होती. ती निरुपयोगी आहे असं नव्हे. दुसरा आक्षेप नैतिक आहे: सगळं बाहेरच्या व्यवस्थेवर टाकलं तर माणसाची स्वतःची जबाबदारी कुठे उरली? महाराष्ट्राला हा प्रश्न पडायला नको. पंढरीच्या वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की त्याचं मांस-मद्य सुटतं. माळ घालायची की नाही हे त्याचं तो ठरवतो. पण घातल्यानंतर ती सगळ्या गावाला दिसते, आणि माळकऱ्याला कुणी मटणाचा आग्रह करत नाही. वजन उतरवणाऱ्याच्या गळ्यात अशी माळ नसते. पंगतीत त्याने ताटावर हात आडवा धरला तर वाढणारी बोटांच्या फटीतून जिलबी सोडते आणि सगळे कौतुकाने हसतात.

आता नवी इंजेक्शनं आली आहेत, आणि त्यांनी या सगळ्या युक्तिवादाला खरं आव्हान दिलं आहे. त्यांतलं सेमाग्लुटाइड घेणाऱ्याची भूकच मंदावते. मग बैठक कशाला आणि साक्षीदार कशाला? जाडीचं मूळ स्वभावात नसून शरीराच्या रसायनात आहे हे या औषधांनी जितक्या लख्खपणे दाखवलं तितकं कोणत्याही प्रबंधाने दाखवलं नव्हतं. पण सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, औषध आणि त्यासोबतचं मार्गदर्शन दोन्ही थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. या औषधांच्या रेट्यात मे 2025 मध्ये वेट वॉचर्सने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी 2023 मध्ये तिने अशी औषधं लिहून देणारी एक कंपनी विकत घेतली होती, आणि त्याच वर्षी, इंजेक्शन घेणाऱ्यांना एकमेकांची सोबत मिळावी म्हणून, त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रमही काढला होता.