दिपवलेल्या डिटेक्टरची कुळकथा

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यावर १७९५ च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम भिडले. त्या काळच्या पेशवाई पत्रांत मजकूर संपला की ‘लेखनसीमा’ हा शिक्का उमटे. मागाहून कुणी ओळ घुसडलीच, तर ती शिक्क्याखाली उघडी पडे. सुट्या फोटॉनांवरून, म्हणजे प्रकाशकणांवरून, दोघांत गुप्त किल्ली वाटून घेणाऱ्या क्वांटम किल्लीवाटपाची भिस्तही अशीच आहे. चोराला अडवायचे नाही, पण त्याची चोरी लपू द्यायची नाही. मात्र शिक्का तपासणाऱ्याच्याच डोळ्यांत धूळ फेकली तर?

या विद्येची जन्मकथा सर्वश्रुत आहे. तिचे बीज असलेली स्टीफन वीझनरची कल्पना १९८३ मध्ये छापून आली. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांची गाठ १९७९ मध्ये पोर्तो रिकोच्या समुद्रात पोहताना पडली. पुढे विजय भार्गव यांनी ब्रासारना हव्या त्या विषयावर बोलायला बोलावले, आणि डिसेंबर १९८४ मध्ये ‘बीबी८४’ हा निबंध आपल्या बंगळूरच्या परिषदेत मांडला गेला. फोटॉन मध्येच मोजला की त्याची अवस्था बिघडते, चुका वाढतात आणि चोर पकडला जातो. कागदावर खोट काढायला जागा नव्हती.

खोट आली यंत्रातून. ती नेमकी कधी आली, यावर माझा वाद आहे. काहीजण २००४ पासून मोजतात, कारण गॉट्समन, लो, ल्युटकेनहाउस आणि प्रेस्किल यांनी सदोष उपकरणांसकट सुरक्षिततेची सिद्धता त्या वर्षी दिली. काहीजण २००६ धरतात. दोन डिटेक्टरांची संवेदनक्षमता क्षणोक्षणी सारखी नसते आणि त्या फरकातून चोर शिरू शकतो, हे वादिम माकारोव आणि सहकाऱ्यांनी तेव्हा दाखवले. माझ्या मते मूळ १९८९ चे. आयबीएमच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्रात फोटॉन जेमतेम ३२ सेंटिमीटर जात. त्यांचे ध्रुवीकरण बदलणाऱ्या पॉकेल्स सेलना विजेचा उच्च दाब लागे, आणि दाब बदलला की वीजपुरवठ्याचा आवाजही बदले. चोर बहिरा असेल तरच यंत्र अभेद्य, असे ब्रासार यांनीच पुढे लिहून ठेवले. आक्षेप येईल की तो आवाज बाहेर फुटत होता, डिटेक्टरवरचा हल्ला बाहेरून आत येतो. मान्य. पण गणिताने ज्या यंत्राची दखलच घेतली नाही, तेच यंत्र दोन्हीकडे दगा देते. मी कूळ एकच मानतो.

या कुळातला सर्वांत धीट वंशज २०१० चा. लार्स लिडरसन, माकारोव आणि सहकाऱ्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन यंत्रणांवर तो हल्ला चालवून दाखवला. डिटेक्टरमधल्या अव्हलांच फोटोडायोडवर ब्रेकडाउनपेक्षा जास्त विजेचा दाब ठेवतात, म्हणून एकटा फोटॉनही विजेचा लोंढा उठवतो. त्यावर सतत प्रखर उजेड टाकला की प्रवाह वाढतो, दाब ब्रेकडाउनखाली घसरतो आणि डायोडला सुटा फोटॉन कळेनासा होतो. मग चोर मोजून-मापून झगझगीत स्पंद पाठवतो. घेणाऱ्याने चोराचीच मोजपद्धत निवडली असेल, तर सगळा उजेड एकाच डिटेक्टरवर पडतो आणि नोंद होते. वेगळी निवडली असेल, तर उजेड दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो आणि नोंदच होत नाही. ज्या चुकांवरून चोर सापडायचा, त्या चुकाच घडत नाहीत! २०११ मध्ये सिंगापूरच्या विद्यापीठात २९० मीटर फायबरवर अशी किल्ली पूर्ण चोरून दाखवली गेली.

आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये डीआरडीओने हैदराबादमधल्या आपल्या दोन प्रयोगशाळांत क्वांटम किल्लीवाटपाने संपर्क साधला. ते तंत्र बंगळूर आणि मुंबईच्या प्रयोगशाळांनी घडवले होते, आणि फोटॉन टिपायला याच जातीचा अव्हलांच डिटेक्टर होता. म्हणून ही कुळकथा आपल्या घरचीही आहे.

या हल्ल्यावरचा उतारा २०१२ चा. हॉय-क्वाँग लो, मार्कोस कर्टी आणि बिंग ची यांनी डिटेक्टरवर विश्वास ठेवणेच सोडून दिले. दोन्ही पक्ष फोटॉन पाठवतात, मोजणी मधला परका करतो. दोघांचे बिट सारखे की वेगळे एवढेच त्याला कळते, बिट कोणते ते नाही, आणि तो खोटे बोलला तर चुका वाढून उघडा पडतो. फोटॉन पाठवणारी लेझर यंत्रे मात्र तिथेही भरवशाचीच धरावी लागतात, आणि हल्लेखोर संशोधकांचा मोर्चा आता तिकडे वळला आहे.