मँडरिन भाषेचे प्रौढशिक्षण, सिंगापूरमधील

सिंगापूरमधील चिनी वंशाच्या लोकांनी आपापल्या दक्षिण चिनी बोलीभाषांऐवजी मँडरिन ही प्रमाण चिनी भाषा आत्मसात करावी, यासाठी विसाव्या शतकात, विशेषतः १९७९ नंतर झालेले शासकीय व सामाजिक प्रयत्न. मलाय, मँडरिन, तमिळ व इंग्रजी या चार अधिकृत भाषा असलेल्या या नगरराज्यात सु. तीन-चतुर्थांश लोक चिनी वंशाचे आहेत. शासनव्यवहारात मँडरिन ही त्यांची ‘मातृभाषा’ गणली गेली. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मातांची ती भाषा नव्हती. शाळेत किंवा प्रौढ वयात प्रयत्नपूर्वक शिकलेली भाषा एका-दोन पिढ्यांत घरातील भाषा बनली, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

‘मँडरिन’ हा शब्द मुळात संस्कृत ‘मंत्रिन्’ या शब्दापासून आलेला आहे. तो मलाय भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला व चिनी अधिकाऱ्यांना लावला. पुढे त्या अधिकाऱ्यांच्या भाषेलाही तेच नाव रूढ झाले. सिंगापूरमध्ये या भाषेला ‘ह्वा-यू’ (चिनी लोकांची भाषा) म्हणतात.

पार्श्वभूमी : १८१९ मध्ये ब्रिटिशांनी सिंगापूर येथे व्यापारी ठाणे स्थापन केल्यानंतर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रदेशांतून मजूर, कारागीर व व्यापारी तेथे येऊ लागले. त्यांच्या हॉक्येन, तिओच्यू, कँटनी, हाक्का, हायनानी इ. भाषांना ‘बोली’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यांतील अनेक परस्परांना न कळणाऱ्या आहेत. निरनिराळ्या गटांतील चिनी लोक एकमेकांशी बहुधा हॉक्येनमधून, तर मलाय व भारतीय लोकांशी बाजारी मलायमधून बोलत. फेरीवाले, हमाल व दुकानदार यांना दोन-तीन भाषा सहज येत. या भाषा त्यांनी कोणत्याही वर्गात न जाता, प्रौढ वयात व्यवहाराच्या गरजेतून उचललेल्या असत. १९५७ च्या जनगणनेत मँडरिन ही मातृभाषा असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या केवळ ०·१ टक्का होते.

मँडरिनचा प्रवेश झाला तो शाळांमधून. १९११ च्या चिनी क्रांतीनंतर राष्ट्रीय ऐक्याच्या भावनेने चिनी शाळांनी बोलीभाषा सोडून मँडरिन हे माध्यम क्रमशः स्वीकारले. उद्योगपती तान का की यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये स्थापन झालेली चिनी माध्यमिक शाळा या स्थित्यंतराची द्योतक होय. १९५० नंतरच्या दशकात चिनी माध्यमाचे नानयांग विद्यापीठही उभे राहिले. मात्र जे शाळेत गेलेच नाहीत आणि जे इंग्रजी शाळांत शिकले, असे दोन मोठे वर्ग या भाषेपासून दूर राहिले. पुढील काळातील प्रौढशिक्षणाचा संबंध मुख्यतः या दोन वर्गांशी आला.

ली क्वान यू यांचे उदाहरण : इंग्रजी शिकलेल्या वर्गाचे ठळक उदाहरण म्हणजे सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू (१९२३–२०१५, कार. १९५९–९०) हे होत. हाक्का वंशाच्या या नेत्याच्या घरात इंग्रजी व मलाय या भाषा वापरात होत्या. जपानी अंमलात (१९४२–४५) त्यांनी चिनी लिपीचा स्वतः अभ्यास सुरू केला. परंतु १९५५ च्या निवडणुकीत चिनी मतदारांशी त्यांच्या भाषेत बोलता न येण्याची उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली आणि तिशी उलटल्यावर ते नेटाने मँडरिन शिकू लागले. १९६१ मधील हाँग लिम पोटनिवडणुकीच्या वेळी त्यांनी हॉक्येनही शिकून घेतली, कारण सामान्य मतदारांची भाषा तीच होती. मँडरिनचा त्यांचा अभ्यास वार्धक्यातही शिक्षकांच्या साहाय्याने चालू राहिला. प्रौढ वयात शिकलेली भाषा सरावाअभावी लवकर क्षीण होते, हा त्यांचा अनुभव पुढे शासनाच्या भाषाधोरणातही उतरलेला दिसतो.

१९७९ ची मोहीम : प्राथमिक शाळांत १९६० पासून व माध्यमिक शाळांत १९६६ पासून दुसरी भाषा सक्तीची झाली होती. तथापि गो केंग स्वी यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाने १९७९ च्या अहवालात असे दाखवून दिले, की बहुसंख्य चिनी मुले घरी बोलीभाषा बोलतात आणि शाळेतील इंग्रजी व मँडरिन या दोन्ही भाषा त्यांना परक्या असतात. मुलांना मँडरिन यावयाची, तर आईवडिलांनी घरी ती बोलली पाहिजे, या विचाराने ७ सप्टेंबर १९७९ रोजी ‘मँडरिन बोला’ मोहिमेचा आरंभ झाला. म्हणजे मुलांच्या शिक्षणाची समस्या प्रौढांच्या शिक्षणाकडे वळविण्यात आली.

संवादाचे वर्ग, ध्वनिफिती, रेडिओवरील आणि टेलिफोनवरून ऐकता येणारे पाठ ही मोहिमेची साधने होती. जनतेशी संबंध येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांनी वृद्धांखेरीज इतरांशी बोलीभाषेत बोलू नये, असा दंडक घातला गेला. बाजार, उपाहारगृहे व वाहने ही मोहिमेची पुढील क्षेत्रे ठरली. रेडिओ व दूरचित्रवाणी यांवरील बोलीभाषांतील कार्यक्रम काही वर्षांतच बंद झाले आणि लोकप्रिय कँटनी मालिका मँडरिन ध्वनिमुद्रणासह दाखविल्या जाऊ लागल्या. १९८७ पर्यंत इंग्रजी हे सर्व शाळांचे प्रमुख माध्यम झाले. त्यामुळे १९९१ पासून मोहिमेचा रोख इंग्रजी शिकलेल्या चिनी लोकांकडे वळला.

अडचणी : बोलीभाषकांना चिनी शब्दसंपत्ती व वाक्यरचना बरीचशी परिचित असते, त्यांची अडचण प्रामुख्याने उच्चारांची. कँटनीतील ‘साप’ (दहा) व ‘ग्वोक’ (देश) या शब्दांची मँडरिन रूपे ‘शि’ व ‘ग्वो’ अशी आहेत. यांतील अंत्य ‘प’, ‘क’ हे व्यंजन मँडरिनमध्ये लुप्त झाले असून अनेक शब्दांचा आरंभ जीभ मागे वळवून केला जातो. हॉक्येनमधील सात सुरांच्या जागी मँडरिनमध्ये चारच सूर आहेत. पण त्यांची वाटणी वेगळी आहे. इंग्रजी शिकलेल्यांना मात्र सूर आणि लिपी या दोन्ही गोष्टी अवघड जातात. ‘मा’ हे एकच अक्षर चार सुरांत आई, ताग, घोडा व रागावणे असे चार अर्थ देते. लिपीचे ओझे हलके करण्यासाठी सिंगापूरने चीनमधील सुलभ चिन्हे क्रमाक्रमाने स्वीकारली (१९६९–७६) आणि उच्चारलेखनासाठी ‘फिनयिन’ ही रोमन पद्धती अंगीकारली.

शिकलेली भाषा लोकांनी आपल्या वळणावर नेली. सिंगापूरच्या मँडरिनमध्ये मंडईला ‘बा-शा’ म्हणतात. हा शब्द मलाय ‘पासार’वरून व तो फार्सी ‘बाजार’वरून आलेला आहे, मराठीतील ‘बाजार’ही त्याच मूळचा. याउलट स्थलनामांबाबत फिनयिनचा आग्रह सर्वत्र टिकला नाही. सेरांगून रस्त्यावरील भारतीय वस्तीतील ‘टेक्का’ या मंडईचे ‘जूज्याव’ असे मँडरिन नामकरण झाले. पण ते रुळले नाही व २००० मध्ये जुने नाव पुन्हा स्वीकारण्यात आले. ‘नी सून’चे ‘यीशून’ हे रूप मात्र कायम राहिले.

परिणाम व मूल्यमापन : पाच वर्षांवरील चिनी रहिवाशांमध्ये घरी मुख्यतः बोलीभाषा बोलणाऱ्यांचे प्रमाण १९९० मध्ये ५०·३ टक्के होते, ते २०१० मध्ये १९·२ व २०२० मध्ये ११·८ टक्क्यांवर आले. मँडरिनचे प्रमाण १९९० मधील ३०·१ टक्क्यांवरून २०१० मध्ये ४७·७ टक्क्यांपर्यंत वाढले. परंतु २०२० मध्ये ते ४०·२ टक्क्यांपर्यंत घटले आणि इंग्रजी ४७·६ टक्क्यांसह पुढे गेली. बोलीभाषांची जागा मँडरिनने घेतली आणि तिची जागा आता इंग्रजी घेत आहे, असे या आकड्यांवरून दिसते.

भिन्न बोलींच्या चिनी लोकांना एक समान भाषा मिळाली आणि चीनशी व्यापारसंबंध वाढले तेव्हा ती उपयोगी पडली, हे मोहिमेचे यश होय. त्याची किंमत मुख्यतः वृद्धांनी दिली. ज्यांना नवी भाषा शिकणे जमले नाही, त्यांना रेडिओवरील कथाकथन दुरावले आणि नातवंडांशी मोकळे बोलणेही कठीण झाले. भारतीय व मलाय लोकांनाही नोकरीसाठी मँडरिनची अट आड येईल, अशी शंका वेळोवेळी वाटत आली. चिनी भाषा शिकविण्याच्या आरंभीच्या पद्धतीत चूक झाल्याचे ली यांनी २००९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. वृद्धांना शासकीय योजनांची माहिती देण्यासाठी २०१६ मध्ये शासनाच्या साहाय्याने हॉक्येन भाषेत दूरचित्रवाणी मालिका काढावी लागली. एकेकाळी बाजारात दोन-तीन भाषा सहज शिकणाऱ्या प्रौढांना एक भाषा शिकविण्यासाठी दुसरी सोडणे अपरिहार्य होते काय, हा प्रश्न या इतिहासातून शिल्लक राहतो.