खिळा, पत्रा आणि ओरखडा : रायगड किनाऱ्यावरील नौकांचे धातुकाम

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्याचा नाविक इतिहास लिहिताना आंग्र्यांच्या गुराबा व गलबते आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या तोफा यांची मोजदाद पुष्कळ झाली. मात्र ज्या खिळ्यांनी आणि कड्यांनी ती जहाजे एकसंध राहिली त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. खाऱ्या हवेत धातू टिकवण्याची विद्या नौकाबांधणीइतकीच जुनी आहे आणि आजच्या प्रवासी बोटीच्या चकचकीत कठड्यावरील ओरखडा घासून काढणारा कारागीर तिचाच वारस होय.

पश्चिम किनाऱ्यावर सागवानाचे जे मोल होते, त्याचे एक कारण धातूशी निगडित होते. युरोपातील ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते, तर सागातील तेलामुळे ते अधिक काळ शाबूत राहतात. पाण्याखालील भागाला किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याचा पत्रा ठोकण्याची पद्धत ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या जहाजावर अजमावली, तेव्हा तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे झपाट्याने झिजतात हे उघड झाले. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांपैकी एकाचा बळी जातो, हा धडा नौकाबांधणीला असा महागात मिळाला. सागाच्या टिकाऊपणाची साक्ष म्हणून मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ (1817) हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते.

शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये सहजी न गंजणारे क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले. मराठी घरात हे पोलाद ‘स्टील’ या सुटसुटीत नावाने आले आणि त्याने तांब्यापितळेबरोबर कल्हईवाल्यालाही निरोप दिला. किनाऱ्यावरील फायबरच्या होड्या व मांडव्याच्या फेऱ्या करणाऱ्या बोटी यांच्या कठड्यांपर्यंत, कड्यांपर्यंत आणि दोर बांधण्याच्या खुंट्यांपर्यंत ते पोहोचले ते बरेच नंतर. या धातूला ‘डाग न पडणारा’ म्हणणे ही थोडी अतिशयोक्तीच आहे. त्याचे रक्षण करतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर. हा थर खरचटला तरी हवेतील प्राणवायूमुळे पुन्हा धरतो, परंतु खाचेत मीठ व ओल साचून राहिल्यास तो नीट धरत नाही आणि तेथे तपकिरी डाग उमटतो. म्हणूनच समुद्रकामासाठी ‘316’ हा मॉलिब्डेनम मिसळलेला प्रकार पसंत केला जातो. स्वयंपाकघराला पुरणारा ‘304’ किनाऱ्यावर लवकर हार मानतो. वरवर केवळ शोभेचा भासणारा ओरखडा असा टिकाऊपणाचाही प्रश्न ठरतो.

ओरखड्याची खोली पाहण्याचे साधन अगदी घरगुती आहे : भाग गोड्या पाण्याने धुऊन त्यावरून नख आडवे फिरवायचे. नख अडकले नाही, तर मऊ फडके आणि पॉलिशचा लेप पुरतो. अडकले, तर 240 पासून 400, 600 असा क्रमाक्रमाने बारीक होत जाणारा पॉलिशपेपर, आणि शेवटी कापडी चाकावर लस्टर, म्हणजे चकाकी आणणारी वडी, लावून बफिंग. पृष्ठभागावर रेषांची झाक असेल, तर त्या रेषांच्या दिशेनेच घासावे लागते, नाहीतर दुरुस्तीच ओरखड्याहून अधिक डोळ्यांत भरते. पितळ उजळण्याच्या सवयीने लोखंडी तारेची घासणी हाती घेणारा मात्र फसतो; तिचे कण पोलादात रुतून स्वतः गंजतात आणि दोष निष्कारण पोलादाच्या माथी येतो.

घासून झाल्यावर सायट्रिक आम्लाने, म्हणजे लिंबूसत्त्वाने, पृष्ठभाग धुतला की उरलेले लोहकण विरघळतात आणि रक्षक थर पुन्हा नीट जमतो. पितळेच्या समईला चिंच लावणाऱ्या पिढ्यांना यात काही नवल वाटण्याचे कारण नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा ही कामे उरकली जातात. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली की दर फेरीनंतर त्या कठड्यावरून गोड्या पाण्याची एक बादली तेवढी फिरवायची उरते.