बडोद्याचा देवमासा आणि डार्विनचे अस्वल

बडोद्याच्या संग्रहालयातील निळ्या देवमाशाचा सांगाडा १९४४ साली महीच्या मुखाशी सापडला. त्यापुढे उभे राहिले की आम्हांस एक जुना वाद आठवतो. तोंड उघडून पोहत किडे टिपणाऱ्या अस्वलापासून निसर्गनिवडीने देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, असे डार्विनने १८५९ साली लिहिले. टीका होताच पुढील आवृत्तीत ते विधान गाळले.

अस्वल चुकले, तत्त्व टिकले. कच्छच्या चार कोटींहून अधिक वर्षांच्या खडकांत अशोक साहनी व मिश्रा यांना १९७० च्या दशकात प्राचीन देवमासे गवसले. तेथील ‘कच्छिसेटस’ला पाय होते. देवमाशाचे नाते खूरवाल्या प्राण्यांशी ठरले.

‘उत्परिवर्तन केवळ मोडतोड करते’, हा आक्षेप मात्र उरतोच. मोडतोड खरीच: निळ्या देवमाशाला दात नाहीत, तरी इनॅमल घडविणारे जनुक त्याच्यात मोडक्या स्थितीत आहे. परंतु तोंडात अन्न गाळणारी नवी झालर आली आणि दातांची राखण निवडीने सोडली. मोडणे आणि घडणे एकाच वंशात नांदले. खडक मार्ग दाखवितात. त्यावरील प्रत्येक उत्परिवर्तन मात्र दाखवीत नाहीत. ही मर्यादा मान्य करणे, हाच आमच्या मते या वादाचा प्रामाणिक निकाल होय.