ओट्यावरची सावली

आज रात्री स्वयंपाकघरात गेलात की एक करून बघा. ओट्यासमोर उभं राहा, भाजी चिरायला घेतल्यासारखे हात पुढे करा आणि हाताखाली बघा. बहुतेक घरांत तिथे तुमचीच सावली पडलेली दिसेल. दिवा छताच्या मधोमध किंवा पाठीमागच्या भिंतीवर, तोंड समोरच्या भिंतीकडे, आणि सुरी चालते ती अंधारात. दिवा नवा असतो, एलईडी असतो, झगझगीत असतो. तरी सावली आहेच. ही सावली आली कुठून, त्याची गोष्ट सांगतो. ती थोडी आपल्या घरांची आहे आणि थोडी सरकारी कागदांची.

जुन्या घरात उजेडाची वाटणी ठरलेली असायची. देवघरात समई, ओसरीवर कंदील, आणि चुलीपाशी चिमणी. चिमणी म्हणजे काय, हे आता नव्या पिढीला सांगावं लागतं. (आता चिमणी म्हणजे गॅसवरचा धूर ओढणारा डबा!) बाटली किंवा पत्र्याची डबी, त्यात रॉकेल, झाकणाला भोक पाडून ओवलेली वात. बहुतेकींना काच नाहीच. उजेडापेक्षा काजळी जास्त. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. पण घरात एकच चांगला कंदील असेल, तर तो जायचा माणसं बसायची तिथे. पाहुणा आला की आत भाकरी थापणारीला चिमणीवर भागवावं लागे. त्यात भिंती धुराने काळ्या, आणि काळी भिंत उजेड परत देत नाही, गिळते.

तरीही त्या स्वयंपाकघरात एक गोष्ट बरोबर होती. बाई खाली बसून स्वयंपाक करायची. जाळ समोर, चिमणी बाजूच्या कोनाड्यात, हाताच्या उंचीला. उजेड अगदी थोडा, पण समोरून आणि बाजूने यायचा. परातीवर तिची सावली पडत नसे.

मग वीज आली. मुंबईत १८६५ पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. १९०५ मध्ये वीज आणि ट्रामची कंपनी निघाली, १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून वीज मुंबईत पोचली. ती आधी गेली गिरण्यांना, हे उघडच आहे. गिरणी कामगाराच्या चाळीतल्या खोलीत वीज आली तेव्हा आला एक बल्ब. छताच्या मधून वायर, टोकाला होल्डर, त्यात ४० किंवा ६० वॅटचा बल्ब. झोपणं, अभ्यास, मोरी, स्वयंपाक, सगळं त्या एका बल्बखाली. एकाच खोलीत संसार असेल तर दिवा मध्यावर, यात चूक काही नव्हती.

अडचण झाली ती नंतर. स्टो आला, पन्नाशीच्या दशकात मुंबईत गॅस सिलिंडर आले, आणि हळूहळू चूल जमिनीवरून ओट्यावर गेली. ओटा भिंतीला लागून. बाई उभी राहिली ते भिंतीकडे तोंड करून. पण दिवा राहिला खोलीच्या मध्यावर, म्हणजे तिच्या पाठीमागे. शेगडी हलली, दिवा हलला नाही. आजची सावली ती हीच.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. जर्मनीत फ्रँकफर्टला १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगार वस्तीसाठी छोटं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. त्यात छताला एक पट्टी होती आणि दिवा तिच्यावरून सरकवून जिथे काम चालू असेल तिथे आणता यायचा. आपण त्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या घेतल्या, कप्पे घेतले. सरकता दिवा तेवढा घ्यायचा राहिला.

आता गावाकडे चला. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, पाठोपाठ कोयनेची वीज सुरू झाली, तारा गावोगाव गेल्या. पण ‘गावात वीज आली’ याचा सरकारी अर्थ काय होता ते बघा. गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत! एका मळ्यातला एक पंप चालला तरी यादीत टिक. ही व्याख्या १९९७ मध्ये बदलली, वस्तीत वीज हवी असं ठरलं. २००४ मध्ये आणखी बदलली, किमान १० टक्के घरांत वीज हवी. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजळलेलं. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ७७.५ टक्के घरांत उजेडासाठी वीज होती, २०११ ला ८३.९ टक्के.

मधे १९८८-८९ मध्ये ‘कुटीर ज्योती’ योजना आली. गरीब कुटुंबाला एका दिव्याचं कनेक्शन. शब्द नीट वाचा, ‘एक दिवा’. आता एकच दिवा मिळणार म्हटल्यावर तो चुलीवर कोण लावणार? पुढच्या खोलीत किंवा दारात. फार तर मधल्या भिंतीला भोक पाडून दोन्हीकडे उजेड जाईल अशी सोय. योजना वाईट नव्हती, त्या एका दिव्याने पोरं शिकली. पण दिवा घरात नेमका कुठे लागला, हा रकाना फॉर्मवर नव्हता. सरकारने आधी गावं मोजली, मग घरं मोजली, मग बल्ब मोजले. उजेड कुणाच्या हातावर पडतो हे मोजलं नाही.

घरच्यांनीही काही वेगळं केलं नाही म्हणा. ट्यूबलाइट आली ती हॉलमध्ये. हॉलची जुनी पिवळी पडलेली ट्यूब आत स्वयंपाकघरात. संडास-बाथरूममध्ये झिरोचा बल्ब, ज्याला झिरो म्हणायचे पण तो १५ वॅट खायचा. बिलाची काटकसर नेहमी आतल्या खोलीपासून सुरू व्हायची. भारनियमनाच्या वर्षांत तर मेणबत्ती पुन्हा ओट्यावर आली. मग सीएफएल आला, २००९ च्या बचत लॅम्प योजनेत १५ रुपयांत मिळाला. लागायला वेळ लावायचा, आत पारा, फुटला की धाक. त्याचा काळ लवकर संपला, बरं झालं.

एलईडी ही मात्र खरोखर वेगळी गोष्ट. लाल आणि हिरवे एलईडी कधीचे होते, रेडिओवरचा लाल ठिपका आठवा. पांढऱ्या उजेडासाठी निळा लागत होता, तो जमत नव्हता. जपानच्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो जमवला, त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो, एवढंच तंत्र आहे. ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने लाखोंनी एकदम खरेदी केल्यामुळे २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांच्या आसपास आला. या योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. सरकारी योजनेवर टीका करायला मला आवडतं, पण हे काम चोख झालं, म्हणायलाच हवं.

आता हिशेब मांडू. ६० वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देतो त्याहून थोडा जास्तच ९ वॅटचा एलईडी देतो. ओट्यावर २० वॅटची एलईडी रोज ५ तास लावली तर महिन्याला ३ युनिट. ‘आत कशाला एवढा दिवा, बिल येतं’ हे वाक्य आता टिकत नाही. आणि तरीही आपण काय केलं? जुन्या होल्डरमधला बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बसवला. सावली आणखी गडद झाली फक्त.

म्हणून दिवा जास्त वॅटचा घेऊ नका, दिव्याची जागा बदला.

ओट्यावर कपाटं असतील तर त्यांच्या तळाला एलईडी पट्टी लावा. कपाटाच्या पुढच्या कडेशी, भिंतीशी नाही. बरेच कारागीर मागे भिंतीला चिकटवतात, कारण ती लपते. पण मग टाइल्स उजळतात आणि हात अंधारात राहतात. पट्टी थेट प्लायवर चिकटवू नका. फोडणीची वाफ आणि तेल त्या गोंदाला महिन्याभरात सोडवतात, शिवाय पट्टीची उष्णता जायला जागा राहत नाही. अॅल्युमिनियमचं प्रोफाइल घ्या, वर दुधी झाकण. काळा ग्रॅनाइट असेल तर झाकण हवंच, नाहीतर ओट्यात ठिपक्यांची रांग चमकत राहते. मीटरला १० वॅटच्या आसपासची पट्टी पुरते. लांबी जास्त असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्टची घ्या, नाहीतर दुसऱ्या टोकाला उजेड मंदावतो. ड्रायव्हर गरजेपेक्षा थोडा मोठा हवा: तीन मीटर पट्टी म्हणजे ३० वॅट, तर ड्रायव्हर ४० चा. तो शेगडीच्या किंवा सिंकच्या वर नको, कपाटात हवा खेळेल आणि हात पोचेल असा ठेवा. कारण डब्यावर २५,००० तास लिहिलेले असतात ते चिपचे. आधी मरतो तो उष्णतेने शिजलेला ड्रायव्हर. शेगडीच्या बरोबर वर पट्टी लावूच नका. सिंकजवळची आयपी६५ ची घ्या.

कपाटं नसतील, भाड्याचं घर असेल, तरी अडत नाही. दोन फुटी, १० वॅटची एलईडी बॅटन फळीखाली किंवा ओट्यासमोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या थोडी वर. केसिंग पट्टीतून वायर, वेगळं बटण. भिंत फोडायची गरज नाही. घर सोडताना काढून न्या.

रंगाबद्दल आपल्याकडे हट्ट असतो, पांढराशुभ्रच हवा. ६५०० केल्विनचा तो निळसर उजेड जास्त वाटतो, पण स्वयंपाकाला ४००० बरा. त्याहून महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. स्वस्त दिव्यात तो ८० च्या खाली किंवा आसपास असतो आणि लाल रंग सगळ्यात आधी मरतो. मसाला भाजून झाला की करपायला लागला, मासळीचे कल्ले ताजे आहेत का, तांदळात खडा आहे का, हे बघायचं ते याच उजेडात. ९० च्या वरचा मागा. दुकानदार ‘तसं काही नसतं’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लुकलुकतो आहे, परत ठेवा.

काम वायरमनकडूनच. मेन बंद, अर्थिंग तपासलेलं, आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर दिव्याआधी तो. ओल्या हाताने बटण दाबायची जागा आहे ही. जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब घालत असाल तर चोक आणि स्टार्टरचं काय करायचं हे त्या ट्यूबच्या डब्यावरच्या आकृतीप्रमाणे करून घ्या, प्रत्येकीचं वेगळं असतं.

आणि हे नवीन घर घेणाऱ्यांसाठी. बिल्डरच्या नकाशात स्वयंपाकघराला छताचा एक पॉइंट असतो, फार तर एक्झॉस्टचा दुसरा. टाइल्स बसायच्या आधी ओट्याच्या वर दिव्याचा पॉइंट मागून घ्या, तेव्हा ते काम अर्ध्या दिवसाचं असतं, नंतर भिंत फोडावी लागते. घरकुलाचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा ठरली आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरली आहे. गावात घरकुलांची यादी लागली असेल, वायरिंग व्हायचं असेल, तर सरपंचांना किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना गाठा आणि आताच विचारा, ओट्यावरचा पॉइंट धरला आहे का. आणि वायरमन येईल त्या दिवशी, पॉइंट कुठे हवा ते स्वयंपाक करणारीला स्वतः भिंतीवर खडूने खूण करून दाखवू द्या.