सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही? पंप बदलण्याआधी वायर पाहा

बोरी अरब (ता. दारव्हा) : सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही, म्हटलं की हजारोंचा पंप बदलायचा सल्ला मिळतो. घाई करू नका.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंप टाकीतच असतो. चावी ऑन करताच मागून दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज येतो. नाही आला तर आधी फ्यूज, रिले पाहा. मग मागची सीट उचला. बऱ्याच गाड्यांत खाली झाकण असते, काहींत टाकीच उतरवावी लागते. प्लगमधल्या दोन जाड वायर बहुतेक पंपाच्या, बारीक वायर पेट्रोलच्या काट्याच्या. बारीक वायरींना हात लावू नका.

प्लग काढून गाडीकडून येणाऱ्या जाड वायरींच्या पिनांना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा, नंतरच चावी फिरवा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करूच नका, ठिणगी पुरते. बल्ब दोन-तीन सेकंदांनी विझणारच, तो फॉल्ट नव्हे. लख्ख पेटला तर पंपावर संशय. मिणमिणला तर वायर सडलेली. इथे मीटर फसवतो, एका तारेवर तगलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते. पेटलाच नाही तर बल्बचे अर्थकडचे टोक बॉडीला लावून पुन्हा चावी फिरवा. आता पेटला तर अर्थ तुटलाय. नाहीच पेटला तर रिलेपासून वायर हाताने चाचपत या. गाडी गोठ्यात, कापसाच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेली जागा सापडतेच.